मेस्त्रींना विचारा : टाकीत काय भरायचं?

मार्चच्या अंकात हायड्रोजनवर चालणाऱ्या मशिनींबद्दल मी चार ओळी खरडल्या होत्या. तेव्हापासून शिरोलीतल्या आमच्या गॅरेजवर इतकी पत्रं यायला लागली की पोस्टमन एकदा सायकल टेकवून म्हणाला, "मेस्त्री, घरात लग्न काढलंय काय?" व्हॉट्सॲपवर आलेले प्रश्न वेगळेच. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही. एकसारखे प्रश्न एकत्र करून इथं घेतो. मी सोळाव्या वर्षी कोल्हापूरच्या उद्यमनगरात डिझेल पंप उघडायला शिकलो, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. शास्त्रज्ञ नाही. हिशेब मात्र पाटीवर मांडून बघायची सवय आहे, तोच इथं मांडतो.

प्रश्न : माझी जुनी जेसीबी बारा हजार तास चालली आहे. नवीन घ्यायला कर्ज मंजूर झालंय. पण पोरगा म्हणतो, आता हायड्रोजनची मशीन येणार, डिझेलमध्ये पैसे कशाला अडकवता? थांबू का?
– एक मशीनमालक, कागल

थांबू नका. पण पोरगा उगाच बोलत नाही, एवढं त्याला आधी सांगा. जेसीबी कंपनीनं हायड्रोजन जाळणारं इंजिन करायला घेतलं, त्यावर दहा कोटी पौंड लावले, आणि जानेवारी २०२५ मध्ये युरोपातल्या परवाना यंत्रणांनी त्या ४.८ लिटरच्या इंजिनाला मान्यताही दिली. इंजिन चालतं, त्यात शंका नाही. खरं तर हायड्रोजनवर इंजिन चालवणं ही नवी गोष्टच नव्हे. स्वित्झर्लंडच्या दि रिव्हाझनं १८०७ च्या सुमाराला ते करून बघितलं होतं, तेव्हा रुडॉल्फ डिझेल जन्मायचा होता.

घोडं पेंड खातं ते टाकीपाशी.

तुमची जेसीबी तासाला साडेपाच लिटर पिते असं धरू. आठ तासांचे ४४-४५ लिटर. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट उष्णता असते (विजेच्या मीटरवरचं युनिट, तेच माप), म्हणजे दिवसाला ४५० युनिट. हायड्रोजनच्या एका किलोत ३३ युनिट. वजनाच्या मानानं डिझेलच्या जवळजवळ तिप्पट, त्यामुळं ऐकायला झकास वाटतं. म्हणजे दिवसाला साडेतेरा किलो हायड्रोजन लागला. साडेतेरा किलो म्हणजे काय, पोत्यातून नेता येईल!

आता उद्यमनगरात कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानासमोर उभा असतो तो सात घनमीटरचा पोलादी सिलिंडर डोळ्यांसमोर आणा. त्याला खांद्यावर घेताना दोन गडी कण्हतात. त्यात हायड्रोजन मावतो जेमतेम सहाशे ग्रॅम. साडेतेरा किलोला असले बावीस-तेवीस सिलिंडर लागतील, म्हणजे सव्वा टनाच्या वर लोखंड. म्हणून कंपन्या कार्बन फायबरच्या टाक्या वापरतात आणि गॅस ३५० बार दाबानं भरतात. आपण टायरात तीस पौंड हवा मारतो, त्या मापात हे पाच हजार पौंड झाले. एवढं करूनही टाकीची आतली जागा साडेपाचशे लिटरच्या पुढं जाते. ४५ लिटर डिझेलच्या बदल्यात. मशीनच्या टपावर टाकी बांधा, नाहीतर दिवसातून दोनदा भरा.

आणि भरायला आणणार कोण? २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, टँकर येईनात. तेव्हा आमची एक पोकलेन बंधाऱ्याच्या कामावर अडकली होती. तिच्यासाठी मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून डिझेलचं बॅरल नेलं, वरून ताडपत्री, आणि नळी तोंडानं ओढून टाकीत सोडली. तोंडात आलेली ती चव अजून आठवते. पाच हजार पौंडांचा गॅस असा ट्रॉलीतून नेता येत नाही. त्याला वेगळी गाडी, वेगळा कंप्रेसर, वेगळी परवानगी.

पैशाचंही बघा. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन करायला ५० ते ५५ युनिट वीज जाते. कारखान्याच्या दरानं आठ रुपये युनिट धरलं तर नुसती वीजच चारशेच्या वर, दाबून भरायचा खर्च निराळा. तेवढीच उष्णता देणारं डिझेल भरतं सव्वातीन-साडेतीन लिटर, म्हणजे तीनशे रुपयांच्या आसपास. स्वस्त सौरवीज थेट वापरणाऱ्यांचं गणित सुधारेल. केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं ते त्याचसाठी. पण त्यातला पहिला गॅस खतकारखाने आणि रिफायनऱ्यांच्या तोंडी जाणार, कारण त्यांना तो आजही लागतोच. कागलच्या पाझर तलावावरच्या मशीनचा नंबर बराच मागं आहे.

पोराला आणखी एक सांगा. आज जगातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून काढतात. वायूपासून एक किलो काढताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेवढ्याच कामाचं डिझेल जाळलं तरी नऊ किलोच जातो. म्हणजे धूर साइटवर दिसला नाही, दुसऱ्याच्या गावात निघाला, इतकाच फरक. हायड्रोजन कशापासून केला हे विचारल्याशिवाय टाळ्या वाजवायच्या नाहीत.

कर्ज उचला. हप्ते फिटेपर्यंत डिझेल कुठं जात नाही.

प्रश्न : डंपरला बसवायचं "पाण्यातून हायड्रोजन" काढणारं किट पंचवीस हजारांत मिळतंय. डिझेल तीस टक्के वाचतं म्हणतात. एका मित्रानं बसवलंय, तो खूश आहे. घेऊ का?
– खडी वाहतूकदार, हातकणंगले

या प्रश्नाची नऊ पत्रं आहेत, म्हणून जरा सविस्तर.

किट म्हणजे काय, तर एका डब्यात पाणी आणि कॉस्टिक पोटॅश, त्यात स्टीलच्या पट्ट्या. डंपरच्या बॅटरीवरून करंट सोडला की बुडबुडे निघतात, नळीनं ते इंजिनाच्या हवेच्या पाइपात जातात. बुडबुडे खरे असतात. दाखवणारा माणूस साबणाच्या पाण्यात ते सोडतो, काडी लावतो, फट्ट आवाज होतो, आणि गिऱ्हाईक गार.

पण करंट आला कुठून? अल्टरनेटरमधून. अल्टरनेटर फिरवतो कोण? इंजिन. आणि इंजिन काय पितं? डिझेलच ना!

आकडे घालून बघू. २४ व्होल्ट, ३० अँपिअर म्हणजे ७२० वॅट. अगदी मोठ्या कारखान्यातल्या सरस यंत्राइतका हा डबा भारी आहे असं मानलं, तरी तासाला तेरा ग्रॅम हायड्रोजन निघेल. त्यातली उष्णता ४०-४५ मिली डिझेलइतकी. आणि ते ७२० वॅट तयार करायला अल्टरनेटर आणि इंजिनाची तूट धरून तासाला तीनशे मिलीच्या वर डिझेल जळतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

मग मित्र खूश कसा? माझ्याकडं अशाच एका खूश गिऱ्हाइकाचा डंपर आला होता. किट बसवताना त्या माणसानं एअर फिल्टर बदलला, नोझल साफ केले, टायरात हवा मारली. शिवाय मालक आता रोज टाकीत काठी घालून डिझेल मोजायला लागला. मोजायला लागल्यावर ड्रायव्हरच्या हाताला शिस्त लागते आणि टाकीची "गळती"ही थांबते, समजून घ्या. आम्ही किटची वायर काढून ठेवली, मालकाला महिनाभर सांगितलं नाही. ॲव्हरेज तेच राहिलं.

धोक्याचं राहिलंच. त्या नळीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र असतात, अगदी पेटायला तयार अशा प्रमाणात. इंजिननं उलटा भडका दिला तर तो डब्यापर्यंत येऊ शकतो. आणि पोटॅशचं पाणी हातावर सांडलं तर कातडी सोलून निघते. पंचवीस हजारांत चार चांगले फिल्टर, पंपाचं कॅलिब्रेशन आणि एक चकचकीत मोजपट्टी येते. ते करा.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यात प्रेसमडपासून, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या मळीच्या गाळापासून, गॅस करायचं चाललंय. तो ट्रॅक्टरला चालेल का? पूर्वी आम्हाला शेतात टाकायला प्रेसमड मिळायचं, ते बंद होईल अशी गावात कुरकुर आहे.
– ऊस उत्पादक, शिरोळ तालुका

या महिन्यातला हा माझा आवडता प्रश्न. सगळे दूरच्या हायड्रोजनकडं बघत बसलेत आणि आपल्या दारात वाफाळणारा ढीग पडलाय.

रोज पाच हजार टन गाळणारा कारखाना धरा. उसाच्या साडेतीन टक्के प्रेसमड निघालं तर दिवसाला १७५ टन. साधारण २५ टन प्रेसमडपासून एक टन शुद्ध केलेला बायोगॅस मिळतो, म्हणजे रोज सात टन. एक किलो गॅस सव्वा लिटर डिझेलच्या बरोबरीचा धरला तर रोजचं साडेआठ हजार लिटर डिझेल झालं, एका कारखान्याचं! कोल्हापूर जिल्ह्यात असे कारखाने किती, ते तुम्हीच मोजा. केंद्राची "सतत" योजना याच गॅससाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये आली.

गावातली कुरकुर रास्त आहे, पण गॅस काढल्यावर मागं जो रबडा राहतो त्यात नत्र, स्फुरद, पालाश तसंच राहतं. जातो तो कार्बन. गोबरगॅसची स्लरी आपण शेतात सोडतो, तसंच हे. फक्त ती स्लरी सभासदाला कोणत्या दरानं आणि किती मिळणार, हे कारखान्याच्या सभेत आधी लिहून घ्या. तंत्रज्ञानाचं भांडण नाही ते, वाटणीचं आहे.

ट्रॅक्टरचं आता. हा गॅस म्हणजे सीएनजीच. त्याला स्पार्क प्लगचं इंजिन लागतं, किंवा डिझेलच्या जोडीनं जाळायची सोय. कंपनीनंच गॅससाठी बनवलेला ट्रॅक्टर असेल तर निर्धास्त घ्या. परदेशात न्यू हॉलंडनं मिथेनवरचा ट्रॅक्टर बाजारात आणलेला आहे. गल्लीतल्या गॅरेजात कापाकापी करून बदललेला मात्र नको. आणि पुन्हा टाकी. २०० बारला साठ लिटरच्या सिलिंडरमध्ये गॅस मावतो दहा किलो, म्हणजे बारा-तेरा लिटर डिझेल. नांगरटीला लावलेला ट्रॅक्टर दुपारपर्यंत रिकामा होईल.

म्हणून माझं मत असं, की पहिल्यांदा गॅस नांगराच्या ट्रॅक्टरला नको, ऊस वाहतुकीच्या गाड्यांना द्या. ती गाडी फडातून निघून प्रत्येक खेपेला कारखान्याच्या काट्यावर येतेच. रांगेत तासन् तास उभी असते. तिथंच भरा. पोकलेनचं तसं नाही, ती एकदा डोंगरात चढली की महिना-महिना खाली येत नाही. कोणतं इंधन चांगलं हे ठरवायच्या आधी ती गाडी संध्याकाळी कुठं उभी राहते ते मी विचारतो.

एक सूचना : प्रेसमडच्या गॅसमध्ये गंधकाचा वायू असतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. तो पुरता काढला नाही तर तेल काळं आंबट होतं आणि बेअरिंग खातं. गॅसची शुद्धता भारतीय मानकाप्रमाणं आहे का, याचा कागद मागा.

प्रश्न : कारखान्यातलं इथेनॉल दहा टक्के डिझेलमध्ये मिसळलं तर? पेट्रोलमध्ये वीस टक्के चालतंय की.
– ट्रॅक्टरचालक, पन्हाळा

नको. काचेची बाटली घ्या, नऊ भाग डिझेल, एक भाग इथेनॉल, आणि चमचाभर पाणी. हलवा आणि खिडकीत ठेवा. सकाळी दोन थर दिसतील. टाकीत पाणी कुठून आलं म्हणाल, तर थंडीत रात्री दंव धरतं, तेवढं पुरतं. शिवाय इथेनॉल डिझेलसारखं दाबानं पेटत नाही आणि त्याची वाफ १३ अंशाला ठिणगी धरते. डिझेलची टाकी पेट्रोलच्या टाकीइतकी धोक्याची करून ठेवाल. स्कॅनियानं पूर्ण इथेनॉलवरची इंजिनं केली आहेत, पण त्यात हवा दाबून अठ्ठाविसाव्या हिश्श्यावर आणतात आणि इंधनात पेट घेणारं औषध मिसळलेलं असतं. तशी एक बस २०१४ मध्ये नागपुरात फिरत होती. इंजिन मुळातून वेगळं लागतं, एवढाच मुद्दा.

प्रश्न : हायवेच्या कडेला बायोडिझेल दहा-बारा रुपयांनी स्वस्त मिळतं. वापरावं का?
– क्रेनमालक, इचलकरंजी

खरं बायोडिझेल वाईट नाही. पॅरिसच्या १९०० सालच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. सरकारनंही २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळायचं ठरवलंय. पण पत्र्याच्या शेडमधून मिळतं ते बहुतेकदा बायोडिझेल नसतंच.

माझाच अनुभव सांगतो, शरम वाटते पण सांगतो. सहा वर्षांपूर्वी रोलरसाठी मीच असलं दोनशे लिटर घेतलं. तिसऱ्या दिवशी रोलर चढावर दम टाकायला लागला. फिल्टरचा वाडगा उघडला तर आत पिवळट, जेलीसारखं काहीतरी, बोटात धरलं तर तार निघत होती. तळाशी पाण्याचा गोळा, पाऱ्यासारखा इकडून तिकडं पळणारा. टाकी खाली घेऊन धुतली. नोझल चार गेले, पंपाचा प्लंजर ओरखडला. वाचवले दोन हजार, गेले अडतीस हजार. विकणाऱ्याच्या शेडला पुढच्या आठवड्यात कुलूप. तो पंप अजून माझ्या टेबलावर आहे, नवीन पोरं कामाला लागली की आधी तो दाखवतो. तुमची क्रेन कॉमन रेलची, म्हणजे फार मोठ्या दाबानं डिझेल फवारणाऱ्या नव्या इंजिनाची, असेल तर खर्चाला आणखी एक शून्य लावा.

प्रश्न : हायड्रोजन बॉम्बसारखा फुटतो का? आमच्या शेडमध्ये अशी मशीन दुरुस्तीला घ्यायची झाली तर?
– फिटर, शिवाजी उद्यमनगर

हायड्रोजन बॉम्बचा आणि या गॅसचा नावापुरता संबंध. पण भोळा गॅसही नव्हे. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही प्रमाणात पेटतो, आणि पेटायला इतकी बारीक ठिणगी पुरते की नायलॉनचा शर्ट काढताना उडते तीही चालेल. ज्योत दिवसा दिसत नाही. पूर्वी अशा ठिकाणी माणसं पुढं केरसुणी धरून चालायची. केरसुणी पेटली की समजायचं, इथं आग आहे. वास नाही. एलपीजीत घालतात तसा वास घातला तर हायड्रोजनपासून वीज करणारा फ्युएल सेल बिघडतो.

जमेची बाजू अशी की तो हवेच्या चौदापट हलका. एलपीजी गळला की खड्ड्यात बसून राहतो, हा वर पळतो. म्हणून तुमच्या शेडचा खड्डा बघू नका, छप्पर बघा. पत्र्याच्या शेंड्याला उघडी वाट आहे का? तिथंच ट्यूबलाइट आणि पंखा आहे का? आपल्या बहुतेक शेडमध्ये नेमकं तिथंच सगळं असतं. सिलिंडर लाल रंगाचा, आटे डावे, म्हणजे उलटे फिरतात. जोर लावून सुलटे फिरवणारे गडी मी बघितलेत, म्हणून सांगितलं.

प्रश्न : आमची फौंड्री इंजिनाचे ब्लॉक आणि हेड ओतते. डिझेल गेलं तर आम्ही काय ओतायचं?
– कारखानदार, गोकुळ शिरगाव

तुमच्यासाठी हायड्रोजन ही चांगली बातमी आहे. हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनाला ब्लॉक लागतो, हेड लागतं, क्रँक लागतो. बदलतं ते वरचं : हायड्रोजन दाबानं आपोआप पेटत नाही, त्याला ५८५ अंशांच्या आसपास तापमान लागतं, म्हणून स्पार्क प्लग येतो, पिस्टनचा दाब कमी होतो, आणि कोरड्या गॅसमुळं व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या लागतात. हेडचं ड्रॉइंग बदलेल, भट्टी बदलणार नाही.

तुमचा धंदा खाईल ती बॅटरी. वीस टनी पोकलेन दिवसाला १३० लिटर डिझेल पीत असेल तर तिला पाचशे युनिटची बॅटरी लागेल (डिझेलची निम्म्याहून जास्त उष्णता इंजिनात वायाच जाते), तीन टनांची. मोटारगाडीत तीन टन हे ओझं, पण पोकलेनच्या पाठीमागं आपण मुद्दाम बिडाचा काउंटरवेट लावतोच की! म्हणजे वजन तिथं अडचण नाही, अडचण चार्जिंगची. खाणीत जिथं क्रशरला आधीच वीज आलेली आहे, तिथं बॅटरीची किंवा सरळ केबलवरची मशीन सगळ्यात आधी येईल असं मला वाटतं. जगातल्या मोठ्या खाणींत केबलवरची शॉव्हेल कित्येक दशकं चालतात. तेव्हा एकाच ऑर्डरवर बसू नका. ॲक्सल हाउसिंग, गिअर केसिंग, हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बॉडी यातलं काहीतरी हाताशी ठेवा. इंधन कोणतंही असलं तरी बकेट उचलायला तेलच लागणार.

प्रश्न : मी पोकलेन ऑपरेटर आहे. बॅटरीच्या मशीनला आवाज नसतो म्हणतात. मग लोड आलेला कळणार कसा? मी तर कानानं मशीन चालवतो.
– ऑपरेटर, गगनबावडा

इतक्या पत्रांत मशीन चालवणाऱ्या माणसाचं हे एकच. बंगळुरूच्या प्रदर्शनात मी अशा एका छोट्या मशीनवर बसलो होतो. चावी फिरवली आणि काहीच झालं नाही. पोरगं म्हणालं, "काका, चालू आहे." लिव्हर ओढली तेव्हा बूम उचलली. बकेट मातीत घातली आणि मी सवयीनं इंजिन दबायची वाट बघत राहिलो, ते दबलंच नाही. मग दुसऱ्या-तिसऱ्या घासाला ऐकू आलं : इंजिनाच्या गोंगाटाखाली आयुष्यभर दडलेला हायड्रॉलिक पंपाचा बारीक शिट्टीसारखा आवाज. लोड वाढला की तो चढतो. दगड लागला की तुटक होतो. अर्ध्या तासात माझा कान त्याच्यावर बसला, तुमचा दहा मिनिटांत बसेल. फक्त मागं उभ्या असलेल्या हेल्परला मशीन चालू आहे की बंद ते कळत नाही, तेव्हा फिरवायच्या आधी हॉर्न मारत जा.